आपल्या ठेवणीला शोभणारे कपडे कसे निवडायचे: टेप हातात घेण्यापासून शिंप्यापर्यंत

कपडे घालून बघताना "मला काहीच शोभत नाही" असं ज्यांना वाटतं, त्यांच्या शरीरात बहुतेक वेळा काहीच कमी-जास्त नसतं. शर्टाची खांद्यावरची शिवण दंडावर उतरलेली असते, ड्रेसची कंबर खऱ्या कमरेच्या खाली पडत असते, नाहीतर टॉप नेमका सगळ्यात रुंद जागी येऊन संपत असतो. ही सगळी कारणं टेपने मोजता येतात आणि एकदा मोजली की बरीचशी दुरुस्तही करता येतात. बाई असो वा पुरुष, बारीक असो वा जाड, खालचा क्रम सगळ्यांना सारखाच लागू पडतो. पहिल्या तीन पायऱ्या घरच्या घरी, निवांत वेळ काढून उरका. त्या गाळून थेट खरेदीला गेलात तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

काय काय लागेल

- शिवणकामाचा मऊ टेप (लोखंडी टेप अंगाभोवती नीट बसत नाही)
- पूर्ण उंचीचा आरसा
- मोबाइल आणि तो टेकवून ठेवायला काहीतरी
- कमरेला बांधायला दोरी किंवा बारीक इलॅस्टिक
- चार-सहा सेफ्टी पिना
- वही किंवा मोबाइलमधली नोंद, जी खरेदीच्या वेळी जवळ असेल
- जमल्यास मदतीला एक माणूस, कारण पाठीची आणि उंचीची मापं एकट्याने घेताना हमखास चुकतात

१. आडवी मापं घ्या

अंगात रोजचे आतले कपडे आणि फार तर एक पातळ बनियन ठेवा. जाड कपड्यांवरून घेतलेलं माप कामाचं नाही. चार मापं लिहून काढायची: खांद्याच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंतची रुंदी (पाठीमागून), छाती जिथे सगळ्यात भरलेली आहे तिथला घेर, कंबर आणि सीट, म्हणजे नितंबांचा सगळ्यात रुंद भाग.

खरी कंबर शोधायला दोरी वापरा. ती पोटाभोवती सैलसर बांधून दोन्ही बाजूंना वाका. ती जिथे आपोआप जाऊन बसते, ती तुमची कंबर. बऱ्याच जणांना ती जागा अपेक्षेपेक्षा वर सापडते, कारण आपण पँट घालतो त्या जागेलाच कंबर समजत आलेलो असतो. पोट पुढे असेल तर पोटाचा सगळ्यात मोठा घेरही वेगळा लिहा. पँट आणि शर्ट दोन्ही निवडताना तो लागणार आहे.

इथे दोन गोष्टी सांभाळा. टेप पाठीमागे खाली घसरतो आणि माप फुगतं, तेव्हा बाजूने आरशात बघून तो सगळीकडे जमिनीला समांतर आहे याची खात्री करा. आणि श्वास रोखू नका. पोट आत ओढून घेतलेल्या मापाचा कपडा पोट आत ओढूनच घालावा लागतो.

२. उभी मापं घ्या. माझ्या मते हीच जास्त महत्त्वाची

शरीराच्या ठेवणीबद्दल अॅपल, पेअर, आवरग्लास या नावांनी जी माहिती मिळते, ती सगळी रुंदीची असते. पण कपडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, यावर दिसण्याचा निम्म्याहून जास्त भाग अवलंबून असतो आणि तो ठरतो उंचीच्या मापांवर. ही मापं फारसं कोणी घेतच नाही.

भिंतीला टेकून अनवाणी उभे राहा. एकूण उंची मोजा. मग मानेच्या मुळाशी खांदा सुरू होतो तिथून पुढच्या बाजूने कमरेच्या दोरीपर्यंत मोजा. नंतर जांघेपासून जमिनीपर्यंत मोजा. यासाठी एक पातळ पुस्तक दोन पायांमध्ये आडवं, वरपर्यंत धरलं तर माप नेमकं येतं.

आता एक उदाहरण बघा. दोघी १६० सेंमी उंच आहेत, छाती-कंबर-सीट अगदी सारखं. एकीचं जांघेपासूनचं माप ७० सेंमी, दुसरीचं ७६. दुकानात दोघींना एकच साइज मिळणार. पण पहिलीचं धड सहा सेंमी लांब आहे. तयार ड्रेसची कंबर तिच्या बरगड्यांवर येते, शर्ट खोचला की हात वर करताच बाहेर निघतो आणि कमरेखाली बसणाऱ्या पँटमध्ये तिचे पाय आणखी आखूड दिसतात. तिला हवी कमरेपर्यंत चढणारी पँट, त्यात खोचलेला किंवा कमरेशी संपणारा टॉप. दुसरीला हीच जोडी दिली तर धड जवळजवळ नाहीसं होतं. तिला मध्यम उंचीची कमरपट्टी आणि सीटच्या हाडापर्यंत येणारा, न खोचलेला टॉप जास्त चांगला दिसतो. बहुतेकांचं जांघेपासूनचं माप एकूण उंचीच्या निम्म्याहून थोडं कमी भरतं. तुमचं निम्म्याच्या जितकं जवळ, तितके तुमचे पाय लांब.

याला जोडूनच एक ढोबळ नियम लक्षात ठेवा. अंगावरचे कपडे निम्मे वर, निम्मे खाली असे कापले गेले की माणूस ठेंगणा दिसतो. एक भाग वर आणि दोन भाग खाली, किंवा उलट, अशी विभागणी डोळ्याला बरी वाटते. मांडीच्या मध्यावर संपणारा लांब शर्ट आणि खाली ढगळ पँट ही जोडी म्हणूनच कठीण जाते.

३. कपाटातला सगळ्यात आवडता कपडा मोजा

तुमच्याकडे असा एक तरी शर्ट, कुर्ता किंवा पँट असेलच, जी घातली की दिवसभर तिचा विचार करावा लागत नाही. ती पलंगावर सपाट पसरा, सुरकुत्या हाताने काढा आणि मोजा. वरच्या कपड्यासाठी खांदा, काखेपासून काखेपर्यंत, कमरेची रुंदी, खालचा घेर, पाठीची उंची, बाहीची लांबी. पँटसाठी कमरपट्टी, सीट, मांडी, तळाचा घेर, आतल्या शिवणीची लांबी आणि राइज. राइज म्हणजे कमरपट्टीपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचं अंतर, तेच हाय-राइज, लो-राइजमधलं.

सपाट कपड्याच्या रुंदीची दुप्पट म्हणजे कपड्याचा घेर. त्यातून तुमच्या अंगाचं माप वजा केलंत की कळतं, तुम्हाला किती सैल कपडा बरा वाटतो. न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टाला छातीत साधारण ८ ते १० सेंमी जादा लागतात; त्याहून कमी असेल तर हात पुढे करताना पाठ ओढते. होजिअरीच्या टी-शर्टला जादा काहीच नसलं तरी चालतं. तुमचा स्वतःचा आकडा मात्र तुमच्या आवडत्या कपड्यातूनच काढा. तो तुमच्या सवयीचा, चालण्या-बसण्याचा आकडा असतो.

४. आता ठेवण ओळखा, पण तिच्यात अडकू नका

खांदा-छाती सीटपेक्षा ठळकपणे रुंद असेल तर वरचा भाग भारी. सीट ठळकपणे रुंद असेल तर खालचा भाग भारी. दोन्ही जवळपास सारखे आणि कंबर बरीच बारीक, तर आवरग्लास. दोन्ही सारखे आणि कंबरही फारशी आत नाही, तर सरळ ठेवण. पोटाचा घेर छाती-सीटच्या बरोबरीने किंवा पुढे असेल तर मधला भाग भारी.

आवरग्लास हा सर्वसाधारण आकार आणि बाकी सगळे त्याचे बिघडलेले प्रकार, असं मानणाऱ्यांनी एक अभ्यास लक्षात घ्यावा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत सहा हजारांवर बायकांच्या शरीराच्या स्कॅनचा अभ्यास झाला. त्यात सरळ ठेवणीच्या ४६ टक्के निघाल्या आणि आवरग्लास फक्त सुमारे ८ टक्के. तरीही तयार कपडे बेतताना कंबर आत घेतलेला आकार डोळ्यांसमोर ठेवला जातो. कपडा बसत नसेल तर त्यात तुमचा काही दोष नाही, हे मी मनापासून सांगते.

५. ठेवणीनुसार कट निवडा

खालचा भाग भारी असेल तर: वरचा कपडा सीटच्या सगळ्यात रुंद रेषेवर संपू देऊ नका. त्याच्या वर संपवा किंवा चांगला खाली न्या. पँट सीटपासून सरळ खाली पडणारी घ्या. घोट्याशी आवळणारी पँट वरची रुंदी अधोरेखित करते. रुंद गळा, खांद्याशी थोडा कडकपणा, फिकट किंवा नक्षीदार रंग वर ठेवले तर नजर तिकडे जाते.

वरचा भाग भारी असेल तर: व्ही गळा, साधी बाही, खांद्याला पॅड नको, फुग्याची बाही नको. घेरदार स्कर्ट, रुंद पायांची पँट, सीटवर खिसे हे सगळं तुमच्या बाजूचं. मात्र रुंद खांदे ठळक दिसावेत असं तुम्हाला वाटत असेल, तर हेच सल्ले उलटे वापरा. शोभणं म्हणजे दरवेळी झाकणं नव्हे. काय पुढे आणायचं हे तुम्हीच ठरवायचं.

मधला भाग भारी असेल तर इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले याच मंडळींना मिळतात. "ढगळ घाला, झाकून जाईल" हा त्यातला पहिला. तंबूसारखा शर्ट छातीवरून किंवा पोटाच्या टोकावरून सरळ खाली लोंबतो आणि संपूर्ण शरीर त्या सगळ्यात मोठ्या घेराएवढं दिसतं. खांद्यात आणि छातीत नीट बसणारा, पोटावर फक्त न चिकटणारा कपडा घ्या. पुढून उघडं जॅकेट किंवा श्रग वरून घातलं तर दोन उभ्या कडा तयार होतात आणि मधली पट्टी अरुंद दिसते. ड्रेसमध्ये छातीच्या लगेच खाली शिवण असलेला कट चांगला; पोटाच्या मध्यावर पट्टा नको. पुरुषांनी पँट पोटाखाली ढकलून घालणं सोडावं. तशी पँट मागून लोंबते, पाय आखूड दिसतात आणि पोट पट्ट्यावर आल्यासारखं दिसतं. राइज जास्त असलेली, पुढून सपाट पँट पोटावर चढवून घाला. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल, पण बाजूने काढलेला फोटो बघा, फरक लगेच कळतो.

सरळ ठेवणीला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. सरळ रेषेचे कपडे उत्तम दिसतात आणि कंबर दाखवायची असेल तर टक्स (आकार देण्यासाठी कापड चिमटीत घेऊन घातलेली शिवण), पट्टा किंवा गुंडाळून बांधायचा कट वापरता येतो. आवरग्लास ठेवणीला कंबर मोकळी सोडलेले चौकोनी कपडे छातीवरून पडदा सोडल्यासारखे पडतात. त्यांना कमरेशी आकार हवाच. फॅशन डिझायनर डायान फॉन फर्स्टनबर्ग यांचा १९७४ चा रॅप ड्रेस, म्हणजे गुंडाळून कमरेशी बांधायचा ड्रेस, इतका चालला, त्यामागे हेही एक कारण आहे: त्यात कंबर कुठे आणि किती आवळायची हे शिवणारा ठरवत नाही, घालणारी ठरवते.

छाती भरलेली असणाऱ्यांनी, बाकी ठेवण कुठलीही असो, टक्स किंवा प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणाऱ्या उभ्या शिवणी) असलेलेच कपडे बघावेत. सपाट कापड भरलेल्या छातीवर बसवलं की ते पुढून वर उचललं जातं.

६. कापड हाताळून बघा

एकच कट दोन कापडांत दोन वेगळे कपडे असतात. कापड मुठीत धरून हवेत लोंबकळवा. मऊ पडून राहिलं तर ते तुमच्या आकारावर पडणार; ताठ उभं राहिलं तर ते स्वतःचा आकार धरून ठेवणार. पातळ, चिकटणारी होजिअरी आतल्या कपड्याची प्रत्येक कड दाखवते, तीच होजिअरी जाड विणीची असेल तर सगळं गुळगुळीत धरते. जीन्समध्ये २ टक्क्यांच्या आसपास इलॅस्टेन (ताणणारा धागा) असेल तर आराम मिळतो. जास्त ताणणारी पँट मात्र नवी असताना जरा घट्टच घ्यावी, कारण ती दिवसभरात सैल होते.

कापड तिरपं कापून शिवलेले कपडे अंगाला न आवळता अंगाबरोबर वळतात. मॅडलेन व्हिओने या फ्रेंच शिवणकर्तीने १९२० च्या दशकात हा कट गाजवला. पोट किंवा सीट भरलेली असेल आणि स्कर्ट नेहमी वर चढत असेल, तर एकदा तिरप्या कटाचा स्कर्ट घालून बघा.

७. रंग आणि पट्टे

काळ्या रंगाबद्दल सांगितलं जातं ते खरं आहे: गडद पृष्ठभागापेक्षा फिकट पृष्ठभाग डोळ्याला किंचित मोठा भासतो. पण काळा घातला म्हणून चुकीचं फिटिंग लपत नाही. वरपासून खालपर्यंत जवळपासच्या छटा घातल्या की उंची सलग दिसते, मग रंग कुठलाही असो.

आडव्या पट्ट्यांना मात्र उगाच बदनाम केलंय. आडव्या रेषांनी भरलेला चौकोन जास्त उंच आणि अरुंद दिसतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं होतं. २०११ मध्ये यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन आणि क्युरियाकी मिकेलिडू यांनी मानवी आकृत्यांवर तपासणी केली, तेव्हाही आडव्या पट्ट्यांनी आकृती जाड दिसते असं काही निघालं नाही. बारीक, सारख्या अंतराचे पट्टे बिनधास्त घाला. जपायचं ते एकाच ठळक पट्टीला, कारण ती जिथे पडेल तिथे नजर थांबते.

८. ट्रायल रूममध्ये सुरकुत्या वाचायला शिका

ही पायरी शिकलात तर बाकीचं थोडं विसरलं तरी चालेल. क्रम असा ठेवा: आधी खांदा, मग छाती, मग कंबर, शेवटी लांबी. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसत नसेल तर तो कपडा तिथेच परत करा.

नंतर सुरकुत्या बघा. ताणलेली सुरकुती अडचणीच्या जागेकडे बोट दाखवते.

- बटणाभोवती फुलीसारख्या रेषा: तिथे कपडा घट्ट आहे.
- पाठीवर, कमरेच्या वर आडवी घडी साचते: बहुतेक वेळा सीटमध्ये घट्ट आहे, म्हणून कपडा वर सरकतोय. सीटमध्ये सैल असेल तर कपड्याची पाठ तुमच्या पाठीपेक्षा लांब आहे.
- काखेतून छातीच्या टोकाकडे तिरप्या रेषा: छातीला कापड कमी पडतंय, टक्स हवेत.
- पँटच्या जांघेतून दोन्हीकडे पसरणाऱ्या रेषा: मांडीत घट्ट किंवा राइज अपुरा.
- खिसे कानासारखे बाहेर उघडतात: सीटमध्ये घट्ट.
- कमरपट्टी मागून उघडी राहते: सीटला बरोबर, कमरेला सैल. ही अडचण सोपी आहे, पुढे सांगते.
- लोंबणाऱ्या उभ्या घड्या: त्या जागी कापड जास्त आहे.

आता हालचाल करा. खाली बसा, दोन्ही हात वर करा, बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखं वाका. हात वर करताना अख्खा शर्ट वर ओढला जात असेल तर बहुधा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, फार खाली कापलेला आहे. मुंढा काखेच्या जवळ असेल तर कपडा जागेवर राहतो आणि हात मोकळा फिरतो. मोठा मुंढा आरामाचा, हा समज इथे बरोबर उलटा पडतो.

फोटो काढाच: पुढून, बाजूने आणि पाठीमागून. मोबाइल छातीच्या उंचीवर, जमेल तितका लांब ठेवा. हातात धरून जवळून काढलेल्या फोटोत लेन्सजवळचा भाग फुगलेला दिसतो आणि माणूस विनाकारण हिरमुसतो.

"थोडी बारीक झाले की बसेल" म्हणून काही घेऊ नका. आजच्या अंगाला आज कपडे हवेत.

९. ऑनलाइन घेताना साइजच्या आकड्यावर विसंबू नका

अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली आणि त्यांच्या आधाराने १९५८ मध्ये साइजचं प्रमाण जाहीर झालं. कंपन्यांनी ते पाळलं नाही आणि १९८३ मध्ये ते मागे घेण्यात आलं. आजही एका कंपनीची एम दुसऱ्या कंपनीची एल असते. तेव्हा साइज-चार्ट उघडा आणि पहिल्यांदा हे बघा की दिलेली मापं अंगाची आहेत की कपड्याची. अंगाची असतील तर पायरी १ मधले आकडे लावा, कपड्याची असतील तर पायरी ३ मधले. दोन्हींची गल्लत झाली की कपडा एक-दोन साइजने चुकतो.

१०. शिंप्याकडे काय होतं, काय होत नाही

तयार कपडा जसाच्या तसा बसणं हे थोड्यांच्याच वाट्याला येतं. म्हणून सगळ्यात रुंद जागेला बसणारा कपडा घ्या आणि बाकीचा दाबून घ्या. सीट ४० इंच आणि कंबर ३० इंच असेल तर पँट ४० च्या सीटची घ्या, कंबर मागच्या शिवणीतून किंवा टक्स घालून आत घेता येते. लांबी आखूड करणं, बाही कमी करणं, बाजूच्या शिवणी दाबणं, पँटचा पाय निमुळता करणं ही नेहमीची कामं आहेत. खांदा आणि मुंढा बदलायचा तर अर्धा कपडा उसवावा लागतो, आणि राइज वाढवता जवळजवळ येतच नाही.

कपडा मोठा करायचा असेल तर विकत घेण्याआधी तो उलटा करून शिवणीतली माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, बघा. बाजूला बोटभर माया असेल तर उसवून सैल करता येतो. मशीनने काठ कापून ओव्हरलॉक केलेली असेल तर काहीही शिल्लक नाही. गडद आणि रेशमी कापडात जुन्या शिवणीची छिद्रं दिसत राहतात, तेही ध्यानात घ्या.

शिंप्याकडे जाताना तोंडी सांगू नका. कपडा घालून, हवा तिथे सेफ्टी पिना लावून दाखवा. पँटची उंची घेताना तिच्यावर घालायचे तेच बूट किंवा चपला पायात असू द्या. आणि सुती कपडा असेल तर शिंप्याकडे देण्याआधी एकदा धुवून, वाळवून घ्या, म्हणजे जेवढा आटायचा तेवढा आधीच आटेल.